कास्तकाराची बेगमी

मराठीत ‘शिल्लक’ आणि ‘बेगमी’ असे दोन शब्द आहेत, आणि त्या दोहोंतला भेद ज्याच्या ध्यानात आला नाही त्याला वर्धा जिल्ह्यातील अल्पभूधारक कुटुंबाचा संसार कळणे कठीण आहे. शिल्लक म्हणजे सर्व खर्च वजा जाता उरलेले. ती हिशेबाच्या शेवटी येते आणि पुष्कळ वर्षी येतही नाही. बेगमी म्हणजे खर्चाला हात घालण्यापूर्वीच येणाऱ्या ऋतूसाठी बाजूला काढून ठेवलेले. ती हिशेबाच्या आरंभी येते, आणि ती काढल्यावाचून खळे उचलले जात नाही. पेढीच्या खतावणीत शिल्लक दिसते, बेगमी दिसत नाही. कारण बेगमी कणगीत असते, गोठ्यात असते, बायकोच्या गळ्यात असते, धुऱ्यावरच्या बाभळीत असते. खतावणीत शिल्लक आढळली नाही म्हणून शेतकऱ्याला काटकसरीची सवयच नाही, असा जो निष्कर्ष गेली शंभर-सव्वाशे वर्षे अहवालांमागून अहवालांत काढला गेला, तो मला समूळ चुकीचा वाटतो. आणि ज्यांना या कुटुंबांचे हित करावयाचे आहे त्यांनीही तो खरा मानून योजना आखल्या, ही गोष्ट अधिक दुःखाची आहे.

देवळी तालुक्यातल्या एका गावी, पौषाच्या अखेरीस, तुरीची मळणी संपत आली असताना मी एका चार एकरांच्या कास्तकाराच्या खळ्यावर बसलो होतो. रास उपणून झाली होती, घरधनी पोती मोजण्याच्या तयारीत होता, आणि घरची बाई टोपली घेऊन राशीपाशी आली. तिने कोणालाही न विचारता आधी एक मोठी ढेरी निराळी केली. मग तिच्या शेजारी एक लहान, निवडक दाण्यांची. मग तिसरी, आणखी लहान. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “हे इकाचं नाही जी, हे घरचं हाये.” पहिली ढेरी वर्षाच्या डाळीची, दुसरी बियाण्याची, तिसरी हिंगणघाटकडे दिलेल्या लेकीच्या घरची. या तीन ढेऱ्या निघाल्यानंतरच उरलेल्या राशीकडे बोट दाखवून तिने नवऱ्याला ‘आता भर’ अशी खूण केली. त्या घरावर त्या दिवशीही सोसायटीचे पीककर्ज होते आणि कृषी केंद्राची उधारी होती, आणि ती दोन्ही फेडावयाची चिंता त्या माणसाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. तरीही त्या तीन ढेऱ्यांना हात लावण्याचा विचार त्याच्या मनात आला नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत या कुटुंबाची बचत शून्य, किंबहुना उणे, ठरेल. माझ्या दृष्टीने मी त्या दिवशी बचतीचाच एक विधी पाहिला.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा काढण्यात आला. पश्चिमेची सीमा वर्धा नदीने आखलेली. उत्तरेला आर्वी, आष्टी, कारंजा हा डोंगराळ भाग. मध्ये वर्धा, सेलू, देवळी. दक्षिणेकडे हिंगणघाट आणि समुद्रपूरची खोल काळी जमीन. बोर आणि धाम यांच्या प्रकल्पांचे, आणि अलीकडे निम्न वर्ध्याचे, पाणी ज्यांच्या वावरापर्यंत पोचले त्यांची गोष्ट वेगळी. पण जिल्ह्याची बहुसंख्य शेती आजही आकाशाकडे पाहते. संत्रा, केळी किंवा वायगावची हळद पिकविणारे सोडले तर लहान कास्तकाराचे वर्ष कापूस, सोयाबीन आणि तूर या तीन पिकांत संपते, आणि त्याच्या हाती पैसा येतो तो आश्विनापासून माघ-फाल्गुनापर्यंत. चैत्रापासून भाद्रपदापर्यंत पैसा केवळ जातो: बियाणे, खत, डवरणी, निंदण, फवारणी, मुलांची वह्या-पुस्तके, पावसाळ्यातले आजार. ज्याचे उत्पन्न दरमहा येते त्याच्या बचतीची सवय आणि ज्याचे उत्पन्न वर्षातून पाच-सहा महिनेच येते त्याच्या बचतीची सवय एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही, आणि तरीही मापे मात्र पगारदारांच्या घरात घडविलेलीच वापरली गेली.

या प्रश्नाचा इतिहास कापसाच्या भरभराटीपासून सुरू करावा लागतो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि हिंगणघाटच्या कापसाला, जो त्या काळी लांब धाग्याबद्दल नावाजलेला होता, न भूतो असा भाव आला. पुढे कापसाचा कमिशनर झालेल्या रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याने वर्ध्याची जमाबंदी केली होती. त्या काळच्या सरकारी लेखनात नांगराला चांदीचे फाळ आणि बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविणाऱ्या कुणब्यांच्या गोष्टी आढळतात, आणि त्या सांगताना लेखकांचा स्वर बहुधा उपहासाचा असतो. त्या उपहासात मला काही अर्थ दिसत नाही. ज्या प्रांतात रेल्वे नुकती येऊ घातली होती, ज्यात डाकघराची बचत पेढी निघण्यास (ती १८८२ मध्ये निघाली) अजून दीड-दोन तपे अवकाश होता, जिथे सावकाराच्या पेढीत पैसा ठेवणे म्हणजे तो त्याच्याच कर्जात वळता करून देणे होते, तिथे अचानक हाती आलेला रुपया शेतकऱ्याने ठेवावा तरी कुठे? रुपया स्वतःच चांदीचा होता. त्याचा तोडा किंवा वाळा केला तर तो बायकोच्या अंगावर राहतो, चोराला सहज सापडत नाही, दुष्काळात मोडता येतो. फाळ चांदीचे असतील-नसतील, पण त्या काळात जी चांदी घराघरांत साठली तिनेच शतकाच्या अखेरीस माणसे जगविली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांत हादरला तेव्हा सोनाराच्या तराजूत उतरली ती हीच चांदी.

मालगुजारी पद्धतीत कुळाच्या मागे दोन वसुल्या होत्या, मालगुजाराची आणि सावकाराची. आणि पुष्कळ गावी दोघे एकच होते. धान्याचे कर्ज सवाईने किंवा दिढीने मिळे: पेरणीला एक खंडी उचलली तर सुगीला सव्वा किंवा दीड खंडी परत. बियाण्याची ढेरी निराळी काढण्याचा आग्रह त्या बाईच्या हाती कुठून आला हे आता वाचकांच्या ध्यानात येईल. ज्याने बी खाल्ले तो दिढीच्या फासात सापडला, हे तिच्या आजेसासूने डोळ्यांनी पाहिले असले पाहिजे. सरकारने १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाई देऊ केली, १९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, आणि जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळून कर्जे फेडणे अशक्य झाले तेव्हा मध्यप्रांताने १९३३ मध्ये कर्जतडजोडीचा कायदा करून तडजोड मंडळे नेमली. या सर्व उपायांची दिशा पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते: ते सारे कर्जाचे उपाय आहेत. कर्ज द्यावे, कर्ज कमी करावे, कर्जाची मुदत वाढवावी, सावकाराला आळा घालावा. शेतकरी हा ठेवीदार असू शकतो, त्याच्या ठेवीला सुरक्षित जागा पाहिजे, ही कल्पना त्यांत जवळजवळ नाहीच. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या गोरवाला समितीच्या ग्रामीण पतपाहणीचा १९५४ चा अहवाल प्रसिद्ध आहे. शेतकऱ्यांना मिळणाऱ्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के असे त्यात दिसून आले, आणि त्या आकड्यांनी पुढची तीस वर्षे धोरण घडविले. तो अहवाल थोर आहे. पण त्याचाही दिवा कर्जाच्याच कोपऱ्यात लावलेला होता.

धान्याच्या बेगमीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण जिल्ह्यातला सर्वांत मोठा फेरबदल तिथे झाला आहे. जुन्या घरांत ढोल्या आणि कणग्या असत, पांढरीच्या उंच जागी पेवे असत, आणि ज्वारी ही केवळ भाकरी नव्हती, ते चलन होते. सालदाराचा वार्षिक करार पैशांबरोबर ज्वारीत होई. बलुतेदाराला ज्वारी मिळे. वेचणीच्या बायकांना अडचणीच्या दिवसांत ज्वारी उसनी दिली जाई. कडब्यावर बैल जगत आणि बैलांच्या शेणावर वावर. म्हणजे एका पिकात माणसाची, जनावराची आणि जमिनीची अशी तिहेरी बेगमी होती. ही ज्वारी गेल्या चाळीस वर्षांत जिल्ह्यातून हळूहळू मागे हटली. रानडुकरे आणि पाखरे यांचा उपद्रव, मजुरीचा खर्च, स्वस्त धान्य दुकानातला गहू-तांदूळ, आणि सोयाबीनचा रोख पैसा, अशी कारणे पुष्कळ आहेत आणि त्यांतले एकही खोटे नाही. पण परिणाम असा झाला की जे पीक घरात ठेवता येत होते त्याची जागा अशा पिकाने घेतली जे खळ्यावरूनच विकावे लागते. सोयाबीनची भाकरी होत नाही. ते दिवाळीच्या तोंडावर सर्वांचे एकदम बाजारात येते, भाव उतरलेला असतो, आणि घरात ठेवावे तर उधारीवाला दारात उभा असतो.

कापसाचे मात्र निराळे आहे. कापूस घरात ठेवता येतो, आणि कास्तकार तो ठेवतोही. पहिल्या वेचणीच्या दिवशी वावरात सीतादही करून, पऱ्हाटीपुढे दहीभाताचा नैवेद्य ठेवून जो कापूस घरात येतो, तो ओसरीत, माजघरात, प्रसंगी झोपण्याच्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेला मी पाहिला आहे. फाल्गुनाचे ऊन तापू लागले की त्या कापसातल्या किडीने आणि धुळीने मुलाबाळांच्या अंगाला खाज सुटते, रात्ररात्र झोप येत नाही, आणि तरीही कापूस विकला जात नाही, कारण भाव चढेल ही आशा असते. याला साठेबाजी म्हणणारे शहरात पुष्कळ आहेत. वस्तुतः ती ठेव आहे, आणि तिचे व्याज ते कुटुंब आपल्या कातडीवर भोगते. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला तेव्हा ज्यांनी घाईने विकला होता ते हळहळले. म्हणून पुढच्या हंगामात पुष्कळांनी कापूस राखून ठेवला, आणि त्या वर्षी भाव चढण्याऐवजी उतरत गेला. शहाणपणाने केलेली बचत बाजाराने अशी हरविली म्हणजे माणसाचा केवळ पैसा जात नाही, बचतीवरची श्रद्धाच जाते.

गोठ्यातल्या बेगमीची कथा अशीच क्षीण होत आलेली आहे. आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यातील गवळाऊ जात, पांढरी, चपळ, बंडीला आणि दुधाला दोन्हीकडे उपयोगी, ही जिल्ह्याची खरी दौलत. हेटीकुंडीला तिच्या संवर्धनाचे सरकारी क्षेत्र आहे. गोऱ्हा वाढविणे म्हणजे तीन वर्षांची मुदत ठेव, आणि शेळी म्हणजे हवी तेव्हा उचलता येणारी रक्कम. मुलाची फी, सुनेचे बाळंतपण, पेरणीचे बियाणे अशा नेमक्या वेळी एक करडू बाजाराला जाते. ट्रॅक्टर आला, चराऊ रान आटले, कडबा गेला, आणि ही ठेव मोठ्या जनावरांतून निघून शेळ्यांत उरली. ज्या घरी शेळ्या आहेत त्या घराची आषाढातली तारांबळ थोडी कमी असते, इतके मी निरीक्षणाने सांगू शकतो.

स्त्रियांच्या बचतीकडे आता वळले पाहिजे, आणि या विषयाचे मर्म मला तिथेच दिसते. पुरुषाच्या हाती आलेला पैसा सुगीचा असतो आणि तो देण्यातच जातो. स्त्रीच्या हाती येणारा पैसा वेचणीचा, निंदणाचा, दुधा-अंड्यांचा, लहान लहान आणि विखुरलेला असतो, आणि बचत खरी त्यातून होते. पूर्वी ती उतरंडीच्या तळच्या मडक्यात, डाळीच्या डब्यात, लुगड्याच्या ओच्यात राही, आणि पुरेशी झाली की गळ्यातल्या पोतीत एखादा मणी वाढे. नंतर भिशी आली, आणि मग बचत गट. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले. राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला. पुढे ‘तेजस्विनी’ आणि ‘उमेद’ या कार्यक्रमांनी गटांचे जाळे गावोगाव पसरविले. त्यांतल्या किती गटांत जीव आहे आणि किती केवळ दप्तरात आहेत, हा वादाचा विषय होईल. मी एका गटाची वही पाहिली ती मात्र विसरू शकत नाही. पेटीला दोन कुलपे, किल्ल्या दोघींकडे. वहीत निळ्या शाईने आखलेले बारा महिन्यांचे रकाने. कार्तिक ते फाल्गुन हे रकाने भरगच्च होते, काहींत नेमल्या वर्गणीहून अधिक रकमा होत्या. चैत्र-वैशाखात अक्षरे विरळ झाली होती. आणि आषाढ-श्रावणात पानभर आडव्या रेघा. तपासणीला आलेल्या कोणा अधिकाऱ्याने त्या रेघांवर लाल शाईने ‘अनियमित’ असा शेरा मारला होता. मी ती वही पुन्हा पुन्हा चाळली. अनियमितपणा मला कुठे दिसला नाही. वर्षामागून वर्षे तीच भरती आणि तीच ओहोटी, घड्याळाच्या काट्यासारखी. त्या बायका पंचांगाप्रमाणे चालल्या होत्या, आणि नियम इंग्रजी महिन्यांप्रमाणे केलेला होता.

ही दृष्टी वर्ध्याला अपरिचित आहे असे मात्र नाही. उलट ती वर्ध्यातच सर्वांत प्रथम आणि सर्वांत स्पष्टपणे मांडली गेली. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले, त्याच वर्षीच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पा यांनी खेड्याच्या अर्थव्यवहाराचा जो विचार केला त्याचे सार हेच होते की खेड्यातली संपत्ती पैशात मोजली की ती चुकीची मोजली जाते. मध्यप्रांत सरकारसाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या औद्योगिक पाहणीचा १९३९ चा अहवालही खेड्यापासून आरंभ करतो. विनोबांनी १९५० च्या सुमारास पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग केला, बैलांऐवजी माणसांनी रहाट फिरवून शेती केली. तो प्रयोग संसारी माणसाला पेलणारा नव्हता हे उघड आहे, आणि त्याचा आदर्श म्हणून अल्पभूधारकापुढे पाठ वाचणे मला कधीच योग्य वाटले नाही. ज्याला पैशाचा तुटवडा आहे त्याला पैशापासून मुक्तीचा उपदेश रुचत नाही.

परंतु सेवाग्रामातूनच आलेला दुसरा एक प्रयोग अशा उपदेशाहून फार मोलाचा आहे, आणि त्याची जितकी कीर्ती व्हावयास हवी होती तितकी झाली नाही. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये स्थापिलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने, डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने, भोवतालच्या खेड्यांसाठी ज्वारीच्या वर्गणीवर आधारलेली आरोग्यविम्याची योजना चालविली. सुगी झाली की गावात ज्वारी गोळा करावयाची. ज्याची जमीन जास्त त्याची वर्गणी जास्त, भूमिहीनाची सर्वांत कमी. गावातली बहुसंख्य घरे सामील झाली तरच गाव योजनेत. आणि त्या निधीतून गावच्या आरोग्यसेवकाचे मानधन, औषधे आणि कस्तुरबा रुग्णालयातील उपचारांची सवलत. या योजनेतले मर्म पाहण्यासारखे आहे. तिने लोकांना नवी सवय शिकविली नाही. खळ्यावर निराळ्या काढल्या जाणाऱ्या ढेऱ्यांत आणखी एक ढेरी वाढविली, इतकेच. जिथे बेगमी होत होती, ज्या दिवशी होत होती, ज्या रूपात होत होती, तिथेच ती जाऊन बसली. गरिबाला विमा कळत नाही असे म्हणणाऱ्यांनी एकदा हा वृत्तान्त वाचावा. ज्वारीच जिल्ह्यातून हटत चालली तेव्हा अशा योजनेचा पायाच हलला, हे सांगताना मन खिन्न होते.

याच्या उलट उदाहरण कापूस एकाधिकार खरेदीचे आहे. ती योजना १९७२ मध्ये सुरू झाली तेव्हा कास्तकारांना मोठा दिलासा वाटला होता. तिच्यात चुकाऱ्यातून भांडवल निर्मिती निधी आणि चढउतार निधी यांच्या नावे रक्कम कापून ठेवण्याची तजवीज होती, म्हणजे ती एक प्रकारे सक्तीची बचतच होती. तत्त्वतः मी तिच्या विरुद्ध नाही; सुगीच्या दिवशी, माल मोजतानाच बाजूला काढलेली रक्कम हीच तर बेगमी. पण बेगमीवर मालकाचा हात पोचला पाहिजे. चुकारा हप्त्याहप्त्याने, कधी महिनोन् महिने उशिराने, आणि कापलेल्या रकमेचा हिशेब शेतकऱ्याच्या डोळ्यांआड, अशा रीतीने तो निधी जमला. तेव्हा त्याला ती आपली ठेव न वाटता आणखी एक वसुली वाटली यात त्याचा दोष नाही.

विश्वास एकदा ढळला की तो परत बसवणे किती कठीण असते, याचा अनुभव जिल्ह्याने पुढे घेतला. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांचे भांडवल आवश्यक मर्यादेच्या खाली गेले आणि २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यांच्यावर नव्या ठेवी घेण्याबाबत निर्बंध घातले. शासनाने त्या बँकांना नंतर साह्य केले. पण मध्यंतरी ज्यांचे पैसे अडकले त्यांत सोसायटीच्या आग्रहावरून ठेव ठेवणारे लहान खातेदारही होते. लग्नासाठी ठेवलेली रक्कम मुदत संपूनही हाती येत नाही, हे ज्याने सोसले त्याने पुढच्या सुगीला पैसा सोनाराकडे नेला, तर त्याला अडाणी कोणत्या तोंडाने म्हणावे? २०१४ नंतर जनधन खाती घरोघर निघाली, किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत त्यांत येऊ लागले, राज्याचीही भर पडली. खाते झाले हे चांगलेच झाले. तथापि पैसा आला की तो काढण्यासाठी तालुक्याला जाऊन रांगेत उभे राहणे हाच त्या खात्याचा मुख्य उपयोग राहिला. थोडे थोडे ठेवण्यासाठी तिथे जावे इतके ते जवळ नाही, आणि दिवसाची मजुरी बुडवून दोनशे रुपये भरण्यास कोणी जात नाही.

आता नेहमीचा आक्षेप. शेतकरी लग्नात उधळतो, म्हणून त्याच्याजवळ काही राहत नाही, असे म्हटले जाते. लग्नाचा खर्च अतोनात वाढला आहे, तो कमी झाला पाहिजे, आणि या बाबतीत मी कोणाचीही भीड धरणार नाही. १९७० च्या दशकापासून जिल्ह्यात दारूबंदी असूनही दारूने कित्येक घरांची ताटे रिकामी केली, हेही खरे. परंतु कर्जाचा मूळ झरा तिथे नाही. शरद जोशी यांनी १९८० च्या आसपास शेतकरी संघटनेच्या द्वारे जो प्रश्न उभा केला, की ज्या मालाचा भाव उत्पादनखर्चाच्या खाली ठेवला जातो त्याच्या उत्पादकाजवळ बचत होणार कोठून, त्याला काटकसरीच्या उपदेशाने उत्तर मिळत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१८-१९ साठी देशातील कृषी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आणि सरासरी कर्ज ७४,१२१ रुपये दाखविले. निम्म्याहून किंचित अधिक कुटुंबे कर्जात होती. महाराष्ट्रात सरासरी जमीन धारणा १.३४ हेक्टरवर आली आहे. विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी २००६ मध्ये ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले त्यांत वर्धा होता. त्यानंतर २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन कर्जमाफ्या झाल्या. कर्जमाफीने बुडणाऱ्याला श्वास घेता आला, म्हणून तिला नावे ठेवणे मला पटत नाही. पण ज्याने पोटाला चिमटा काढून हप्ते वेळेवर भरले आणि ज्याचे नाव म्हणून यादीत आले नाही, त्याच्या बचतीच्या सवयीवर तिने काय आघात केला, याचा विचार सरकारदरबारी पुरेसा झालेला नाही.

बचतीला पुरते उत्पन्न असावे ही पहिली अट, आणि ती भावाच्या आणि पाण्याच्या प्रश्नांशी निगडित आहे. ते प्रश्न सुटेपर्यंत मात्र हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. वर सांगितलेल्या सर्व अनुभवांतून काही साध्या गोष्टी निघतात. गटाच्या आणि पेढीच्या नियमांत दरमहा सारख्या वर्गणीचा हट्ट सोडून सुगीला अधिक आणि पावसाळ्यात शून्य अशी वर्गणी मान्य करावी, आणि आषाढातल्या कोऱ्या रकान्याला कसूर समजू नये. ठेव घेणारा माणूस बाजार समितीच्या आवारात, काट्याजवळ, चुकारा हाती पडतो त्याच ठिकाणी असावा. आणि ठेवीतला काही भाग ज्येष्ठ-आषाढात, बियाणे घेण्याच्या वेळी, विनासायास परत मिळावा. खाते घरच्या बाईच्या नावावर असावे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत काही गावांच्या पुरुषांनी स्वखुशीने बायकांच्या नावे जमिनी केल्या. जमीन करून देता येते तर पासबुक करून देण्यास काय हरकत आहे? आणि एकराच्या कोपऱ्यात का होईना, ज्वारीचे चार तास पेरले जावेत, कारण घरात असलेल्या धान्याला बाजारभाव विचारावा लागत नाही.

हा लेख जिल्ह्यातल्या बँकांच्या, पतसंस्थांच्या आणि गटांच्या कार्यकर्त्यांच्या हाती पडेल अशी मला आशा आहे. त्यांना माझी विनंती एवढीच आहे की या वर्षीची पहिली वेचणी झाल्यावर त्यांनी एक दिवस कचेरी बंद ठेवून हिंगणघाट, आर्वी, पुलगाव किंवा सेलू यांपैकी कोणत्याही बाजारात सकाळी सहाला जाऊन उभे राहावे, बंड्या आणि गाड्या रिकाम्या होईपर्यंत थांबावे, आणि चुकारा घेऊन परतणाऱ्या कास्तकाराबरोबर त्याच्या घरापर्यंत जावे. तो पैसा त्या रात्री घरात असतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यातला बहुतेक उधारीत गेलेला असतो.